जांभळाखालची पद्मिनी

ठप्प.

सकाळच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत बॉनेटवर यंदाचं पहिलं जांभूळ पडलं आणि मी कप खाली ठेवला. आला हंगाम. लोकांना हंगाम पंचांगातून कळतो, हल्ली मोबाईलमधून कळतो. आमच्या कुळगावच्या घरात तो पत्र्यावर वाजतो. रसानं तट्ट फुगलेलं जांभूळ उंचावरून जुन्या पद्मिनी गाडीच्या बॉनेटवर पडलं की जो आवाज होतो, तो हलक्या हातानं मारलेल्या ढोलाच्या थापेसारखा. खोल, आणि जरासा ओला. पहिलं पडलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, तोंडासमोरचा पेपर खाली करतात. दुसरं पडलं की आई आतून विचारते, "फुटलं कं रं?" ही चौकशी जांभळाची. गाडीची चौकशी ती थेट कधीच करत नाही.

आमचं झाड किती उंच आहे हे मी सांगणार नाही, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एवढंच सांगतो की शेंड्यावर बसलेल्या पोपटाला खाली सकाळ झाल्याची बातमी दुपारी पोचते. सावली म्हणाल तर अख्ख्या बदलापूरची सावली कुणी चोरून नेली, तरी आमच्या झाडाखालची उचलायला त्याला दुसरी खेप करावी लागेल. त्या सावलीत पद्मिनी उभी असते. दुधाच्या सायीच्या रंगाची, गोल खांद्यांची, समोरून पाहिली तर कुणाची तरी गंमत ऐकून हसू दाबल्यासारखी. तिच्या बॉनेटवर आणि टपावर जांभळे ठिपके आहेत. ते धुऊन जात नाहीत, आणि गेले असते तरी आम्ही जाऊ दिले नसते. ज्या हंगामात ते पडले तो हंगाम दरवर्षी ह्या पहिल्या 'ठप्प'बरोबर माझ्याकडे येतो आणि चहा गार करून जातो.

आप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड सोलायचे. माझ्या लहानपणी मला वाटायचं, लोखंडालाही साल असते आणि आत गोड गर असतो. त्यांनी पद्मिनी घेतली ती जुनीच, उल्हासनगरच्या एका डॉक्टरांकडून. ती दारात आली त्या दुपारी आई बाजारातून परतत होती. रिकामी पाटी कमरेला, डोक्यावरची चुंबळ हातात. जांभळाच्या दिवसांत ती भरली पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात जायची, ह्या झाडाचीच जांभळं विकायची. आप्पा नव्या गाडीच्या गुर्मीत होते. त्यांनी डिकी धाडकन उघडली आणि सगळी आळी जमलेली असताना म्हणाले, "पुढच्या जांभलाला तुझी पाटी डोक्यावर नाय जायाची. हितं जायाची. डिकीत."

आमच्या आगरी आळीत चारचौघांत बोललेला शब्द परत घेता येत नाही. पोलिसात दिलेला जबाब एखाद्या वेळेस फिरवता येईल. आळीत दिलेला नाही.

पण पद्मिनीला जांभळाची ॲलर्जी होती. एरवी ती चालायची. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळापाशी जत्रेला जायची. गावातल्या प्रत्येक लग्नात एक तरी नवरदेव तिच्यातून उतरायचा. एकदा तर ती पेट्रोलशिवाय मलंगगड चढली, असं मी सांगतो. त्या वेळी ती उतारावर होती असं गौतम सांगतो. पण झाडाला मोहर लागला की तिचं काहीतरी बिनसायचं. एका वर्षी क्लच, एका वर्षी गिअर, एका वर्षी तर स्टिअरिंग निखळून आप्पांच्या हातात आलं आणि ते बराच वेळ तसंच फिरवत बसले होते. आई पाटी भरायची, चुंबळ ठेवायची, पाटी उचलायची आणि जाता जाता डिकीवर बोटाच्या सांध्यानं वाजवायची. टक टक. आप्पा पेपरात अधिक खोल शिरायचे.

पुढे आप्पा निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर पद्मिनीही. ती झाडाखाली बसली ती बसलीच. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. काचेवर शेवाळ, डिकीत मुंग्या. संध्याकाळी आप्पा तिच्यात जाऊन बसायचे आणि स्टिअरिंगच्या बाजूचा गिअर उगाच वरखाली करायचे. कुठे जायचे कोण जाणे. चेहरा मात्र पोचल्यासारखा असायचा. आई मात्र वर्षानुवर्षं पाटी घेऊन त्याच रस्त्यानं. टक टक.

मग तो हंगाम आला. फळ नुकतं लाली धरत होतं, आणि आईची मान धरली. डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. आईनं ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "ह्यो माझा शेवटचा हंगाम. पुढच्या सालापासून झाड कंत्राटानं देऊन टाका." मग गाडीकडे न बघता गाडीबद्दल म्हणाली, "आन् ती. जांभलं सरायच्या आत चालली तर चालली. नायतर भंगारवाल्याला बोलवा. मना झाडाखाली जाळी पसरायला जागा पायजे."

योगायोग असा, की गाडीची मुदतही त्याच सुमाराला संपत होती. गाडी जुनी झाली की तिला सरकारी अधिकाऱ्यासमोर उभी करून ती अजून चालते हे दाखवावं लागतं. आमच्याकडे ह्याला पासिंग म्हणतात. मुदत टळली की गाडी म्हणजे नुसता पत्रा. आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. अर्धा वाचायचा राहिलेला पेपर त्यांनी बाजूला ठेवल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आई ह्या हंगामानंतर पाटी उचलणारच नसेल, तर आळीत दिलेला शब्द कायमचा खोटा पडणार होता.

मी गौतमला बोलावलं.

गौतम माझा शाळेपासूनचा मित्र, राहतो अंबरनाथ पश्चिमेला. आठवडाभर कारखान्यात, रविवारी जुन्या गाड्यांत. मी फेकतो असं लोक म्हणतात. गौतमसमोर मी मौनव्रत घेतलेला साधू आहे. एक बंद पडलेली गाडी आपण नुसती शिव्या देऊन चालू केली होती, असं तो शपथेवर सांगतो. त्यानं बॉनेट उघडलं, आतल्या कोंबडीला बाहेर काढलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"इंजिन आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धं काम झालं. लोकांच्या गाडीत तेही नसतं."

आमचं बजेट इतकं तंग होतं, की त्यातून वारासुद्धा अंग चोरून जायचा. पण मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. पैसा असला की माणूस दुकानात जातो; नसला की माणसांत जातो. त्या उन्हाळ्यात मी जितकी माणसं पाहिली तितकी आधीच्या आयुष्यात पाहिली नव्हती. जुनी गाडी एकट्याच्यानं उभी राहत नाही. ती गावजेवणासारखी असते, प्रत्येकाच्या घरून काहीतरी यावं लागतं. डायनमो आला एका रिक्षावाल्याच्या माळ्यावरून, वायपर आला बंद पडलेल्या टेम्पोचा, दाराचं हँडल आलं फर्निचर बाजारातून. मुळात ते कुणाच्या तरी कपाटाचं होतं. अजूनही ते दार उघडताना मला आत साड्या दिसतील असं वाटतं.

आणि सीट आल्या उल्हासनगरहून. तिथे लछमनभाईंचा जीन्स शिवायचा कारखाना होता. माणूस सिंधी, पोट गोल, आवाज मायाळू. रंग चुकलेल्या कापडाचे गठ्ठे त्यांच्याकडे छताला टेकले होते. मी सीटच्या कव्हरचं विचारलं तर त्यांनी कापडाला हात घालून ते ताणलं, जणू मी त्याच्या मजबुतीवर संशय घेतला होता.

"भाऊ, ये कपडा नहीं फटेगा. गाडी फट जाएगी, कपडा नहीं फटेगा. ले जा. वैसे भी रिजेक्ट है."

चार दिवसांनी कव्हरं तयार झाली. सुरेख, घट्ट, निळी. फक्त प्रत्येक सीटच्या मागे, जिथे माणसाच्या पँटीला असतात तिथे, दोन दोन खिसे होते. पितळी खिळ्यांसकट.

"लछमनभाई, खिसे?"

त्यांनी कारागिरांकडे पाहिलं, कारागिरांनी एकमेकांकडे. मग ते हात पसरून म्हणाले, "क्या करेगा भाऊ, बीस साल की आदत है. जहाँ बैठने की जगह दिखी, हाथ अपने आप पॉकेट मारता है."

आजही आमच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस पुढच्या सीटच्या खिशात आधी कंगवा ठेवतो, मग हात. पितळी खिळ्यांचे खिसे विमानातही नसतात.

इंजिन एका संध्याकाळी खोकलं. मग शिंकलं. मग असं काही गरजलं की शहाडपर्यंतच्या कोंबड्या अंडी सोडून उठल्या आणि आमच्या कोंबड्यांनी तर गाव सोडलं. सायलेन्सरला भोक होतं, त्यात आणखी भोकं होती. रेडिएटर गळत होता. त्यावर गौतमचा जुना उपाय म्हणजे हळद. पाण्यात हळद घातली की ती बारीक चिरांत जाऊन बसते. मी हळद आणायला निघालो तर आई आतून डबा घेऊन आली.

"दुकानातली नको. भुसा असतो तिच्यात. ही घरची हाय."

आणि लगेच वळून आत गेली, जणू तिनं कुणा शेजाऱ्याला मीठ दिलं. आप्पा गालात हसले. पद्मिनीला हळद लागली. त्या दिवसांत अंगणाला जो वास होता तो मी अजून शोधतो. पेट्रोल, हळद, तापलेला पत्रा आणि चेचलेली जांभळं. बाटलीत भरून विकला असता तर लछमनभाईंनी एव्हाना त्यावर 'इम्पोर्टेड'ची चिठ्ठी लावली असती.

राहिला रंग. गौतमनं कुणाकडून तरी रंगाचा फवारा एका रविवारपुरता मागून आणला होता. उन्हात रंग मारला तर त्याला लाटा येतात, सावली हवी. सावली आमच्याकडे होतीच. तर एक निवृत्त टर्नर, एक कारखान्यातला माणूस आणि एक ऑफिसातला बाबू म्हणजे मी, अशी तीन अनुभवी माणसं ऐन हंगामात जांभळाच्या झाडाखाली गाडी रंगवायला उभी राहिली. तिघांपैकी एकानंही मान वर केली नाही. आई बाजारात गेली होती, नाहीतर तिनं वर पाहायला सांगितलंच असतं, आणि आम्ही तिला आत पाठवली असती.

रंग असा बसला की श्रीखंडानं मान खाली घालावी. आम्ही ओट्यावर बसून त्याच्याकडे नुसतं पाहत होतो. गौतम म्हणाला, "आयुष्यात असं काम—"

ठप्प.

आम्ही तिघेही बॉनेटकडे पाहत राहिलो. ओल्या रंगात एक जांभूळ रुतून बसलं होतं, आणि त्याच्याभोवती जांभळं वर्तुळ हळूहळू पसरत होतं. मग बारवी धरणाकडून वारा सुटला. वारा म्हणजे काय, त्या वाऱ्यानं आमच्या आळीतल्या तीन टीव्हींचे अँटेना कर्जतच्या दिशेला वळवले. झाडानं सगळं अंग झाडलं. ठप्प ठप्प ठप्प ठप्प. आप्पा छत्री घेऊन धावले. गौतमनं बनियन काढून टपावर ताणलं. शेवटी मी चादर आणली आणि आम्ही तिघे अंतरपाट धरल्यासारखी चादर धरून उभे राहिलो, पलीकडे नवरी जांभळांनी न्हात होती.

तशातच आई आली. रिकामी पाटी कमरेला, मान एका बाजूला कललेली. तिनं गाडीला एक फेरी मारली. फवारा संध्याकाळी परत करायचा होता, रंग संपला होता, आणि पासिंगची मुदत दाराशी आली होती. आम्ही चादर धरून गुन्हेगारासारखे उभे. आई बॉनेटजवळ थांबली. त्या पहिल्या मोठ्या डागावर तिनं बोट टेकवलं, बोटाकडे पाहिलं.

"तीट लागली," ती म्हणाली. "बरं झालं. आता कुनाची नजर नाय लागायाची."

आणि हातपाय धुवायला गेली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा गाडीच्या बाजूनं काही बोलली होती. आप्पांनी चादरीचं टोक सोडलं ते त्यांना कळलंच नाही.

पासिंगच्या दिवशी सकाळी शेवटची तोड झाली. आभाळ माळशेजकडून काळं होऊन येत होतं. एक मोठी सर आली की जांभळं फुटतात, मग हंगाम संपला. आईनं पाटी भरली. जांभळावर नेहमी ओलं फडकं लागतं. ते नसेल तर उन्हात फळ बघता बघता मऊ पडतं, आंबतं. तिनं फडकं भिजवून अंथरलं. आप्पा पुढे झाले आणि त्यांनी डिकी उघडून धरली. "पासिंग करू आन् तसंच बाजारात जाऊ," ते म्हणाले.

आईनं डिकीवर सवयीनं वाजवलं. टक टक. मग वाकून आत वास घेतला. पद्मिनीची पेट्रोलची टाकी डिकीतच असते.

"हितं? माझी जांभलं पेट्रोल पितील." पाटी मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसली. चुंबळ तिनं समोरच्या खिशात ठेवली.

निघालो. सायलेन्सर सगळ्या जगाला आमचं येणं कळवत होता. अंबरनाथ गेलं. उल्हासनगरात लछमनभाई दुकानाच्या पायरीवर येऊन ओरडले, "भाऊ, पॉकेट बराबर है ना?" आई मागून ओरडली, "बराबर हाय!" शहाड ओलांडून कल्याणकडच्या पासिंगच्या मैदानावर पोचलो तेव्हा ऊन असं होतं की सावल्याही गाड्यांखाली जाऊन बसल्या होत्या. रांग पुढे सरकली, आमचा नंबर आला, आणि पद्मिनी एकदा खोकून गप्प झाली.

सेल्फ मारला. खर्र. पुन्हा मारला. खर्र.

अधिकारी म्हणाला, "फिरवून दाखवा. नाही फिरली तर बाजूला घ्या, मागे गाड्या आहेत."

गौतमनं बॉनेट उघडलं. "पंप तापलाय. आत पेट्रोलची वाफ धरली. ओलं फडकं आणा, पटकन!"

मैदानातला नळ कोरडा होता. आमच्या बाटलीतलं पाणी रेडिएटरनं वाटेतच पिऊन टाकलं होतं. मग आम्ही सगळ्यांनी एकदमच आईच्या पाटीकडे पाहिलं आणि एकदमच नजर वळवली. शेवटच्या हंगामाची शेवटची पाटी होती ती. आईनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी दिलं नसतं, असं ती आजही सांगते.

ती पाटी सीटवर ठेवून उतरली. फडकं हातात घेऊन बॉनेटपाशी गेली. "कुठं ठेवू?" गौतमनं बोट दाखवलं. ताप चढलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावं तसं तिनं ते पंपावर ठेवलं. सुस्स करून वाफ आली. वाफेला जांभळाचा वास होता. ती हात न काढता तिथेच उभी राहिली, आणि पुटपुटली, "ऊठ गो. आता तमाशा पुरे."

मी सेल्फ मारला. खर्र, खर्र, आणि पद्मिनी उठली. मैदानाला एक अख्खी फेरी तिनं अशी मारली की मागच्या नव्या गाड्या आपापल्या मालकांकडे बघायला लागल्या. हॉर्न वाजला, ब्रेक लागले, दिवे पेटले. अधिकाऱ्यानं डागांवर पेन टेकवलं. "हे काय? रंग गेलाय का?"

"तीट आहे साहेब," आप्पा ताठ उभे राहून म्हणाले.

साहेबांनी आप्पांकडे पाहिलं, मग आईकडे, मग सही केली. जांभळासाठी हात त्यांनी सहीनंतर पुढे केला हे मी मुद्दाम नोंदवतो. कारण तोवर आई कामाला लागली होती. उघडी पडलेली जांभळं उन्हात मऊ पडायला लागली होती, आणि फळ नासू देणं तिच्या रक्तात नाही. रांगेतल्या प्रत्येक खिडकीत तिचा हात गेला. "घ्या, धरा, आत्ताची तोड हाय." ट्रकवाले, रिक्षावाले, एक बुलेटवाला, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. त्या दिवशी त्या मैदानावर कोण कुणाला रागावलं असेल तरी ते जांभळ्या जिभेनं, आणि जांभळ्या जिभेच्या माणसाचा राग कुणी मनावर घेत नाही.

परतताना आई रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. आप्पा पुढच्या सीटवरून मान वळवून म्हणाले, "झाला ना शब्द पुरा?"

"कसा? पाटी बाजारात कुठं पोचली? वाटंतच सरली."

आप्पांचा चेहरा पडला. आई खिडकीबाहेर पाहत होती. काळं आभाळ अंबरनाथच्या टेकड्यांवर टेकलं होतं.

"पुढच्या जांभलाला बगू," ती म्हणाली.

मी आरशात पाहिलं, तर गौतम सीटच्या खिशात तोंड लपवून हसत होता.

पुढच्या हंगामात पाटी बाजारात पोचली. पण ती सीटवरून पोचली, आणि शब्द डिकीचा होता. आईनं तो तसाच पकडून ठेवला आहे. मध्ये गौतमनं डिकीत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा, हा पेट्रोलचा वास एका झिजलेल्या वॉशरचा आहे. एवढंस्सं काम. आत्ता करून टाकतो." आप्पा पेपरामागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घाई काय हाय?" लोखंड सोलण्यात उमर घालवलेल्या माणसाला एक वॉशर बसवता येत नाही, ह्यावर तुमचा विश्वास बसत असेल तर माझ्या बाकीच्या गोष्टींवरही बसायला हरकत नाही.

चुंबळ आता डॅशबोर्डवर असते. तिच्यावर पाण्याची बाटली बसते, खड्ड्यातही हलत नाही. पंपासाठीचं फडकं शेजारी घडी घालून. झाड कंत्राटाला गेलेलं नाही.

ठप्प. हे दुसरं. आई पाटी घेऊन बाहेर आली, कमरेवर, डोक्यावर नाही. आप्पा किल्ली घेऊन आधीच उभे. तिनं डिकीवर वाजवलं. टक टक. आप्पांनी उघडली. तिनं वाकून वास घेतला.

"येतोय अजून."

"येतोय," आप्पा म्हणाले.

"मग ऱ्हायलं. पुढच्या साली बगू." आणि पुढचं दार, कपाटाच्या हँडलचं, उघडून ती चालवणाऱ्याच्या शेजारी, आप्पांच्या जागेवर जाऊन बसली. मग त्यांना म्हणाली, "तू मागं बस. आन् खिशात हात घालू नको, माझा कंगवा हाय."